मानेमागचं बटण

मोबाइल पालथा ठेव रे, नाहीतर मी उठलो. हं. भुताला अमावस्याच लागते असं कोणी सांगितलं तुम्हाला? साधा मंगळवार होता तो. आणि ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या दाजींच्या बाबतीत घडलेली आहे.

दाजी आणि माझी थोरली ताई एकाच कारखान्यात रात्रपाळीला, इंजेक्शनच्या बाटल्या भरायच्या खोलीत. तिथे धुळीचा कण चालत नाही. पावडर नाही, अत्तर नाही, अंगठी नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, उघडे फक्त डोळे. आत घाईने चालायचं नाही, उगाच बोलायचं नाही. आमची ताई आठ तास गप्प राहायची, हेच मुळात आश्चर्य! डोक्यावरचं टोपडं मानेमागे आवळायला दोन बटणं, एक सैल, एक घट्ट. ते लावायचं जोडीदाराने, कारण हातमोजे चढले की आपला हात मागे न्यायचा नाही. दाजींची मान बैलासारखी, त्यामुळे कायम सैलच. ताई ते लावायची आणि खांद्यावर दोनदा थोपटायची. म्हणजे, चला.

ताई आजारपणात गेली. मग घर नुसतं खायला उठायचं हो दाजींना. पाळीवर नवा जोडीदार आला, तोही कामापुरता. जेवलात का, एवढंही कोणी विचारेना.

त्या मंगळवारी जोडीदार आलाच नाही. बाटल्या भरायचं काम सकाळी होतं, रात्री यंत्र पुसून ठेवायचं होतं. एकट्याने आत जायचं नाही असा नियम. पण परत त्या रिकाम्या घरी जायचं? दाजी मानेमागचं बटण उघडं ठेवूनच आत शिरले. चूक ती चूकच.

पावणेतीन वाजले होते. भिंतीवर धुळीचे कण मोजणारं यंत्र असतं. जिवंत माणूस कितीही गुंडाळला तरी कण सांडतोच. एक शिरला की आकडा वाढतो, दुसरा आला की आणखी वाढतो. दाजी वाकून पुसत होते. मागे कोणीतरी येऊन उभं राहिलं. पांढरा पोशाख. आला वाटतं उशिरा, असं त्यांना वाटलं.

मानेमागे हात लागला. बटण लागलं. टक्.

खांद्यावर थोपटलं. दोनदा.

नव्या जोडीदाराला ही सवय नव्हती...

दाजींनी भिंतीकडे पाहिलं. आकडा हललाच नव्हता.

ते वळले. सावकाश. तिथे गर्रकन वळायचं नसतं. समोर फक्त डोळे...

दाजींचा हात मास्ककडे गेला. एकदा बोलायचं होतं हो त्यांना. एकदाच. समोरच्या हातमोज्यातलं बोट हललं. नाही. इथे नाही.

डोळे भरून आले. पुसताही येईना. पापण्या मिटल्या. उघडल्या, तर...

कोणी नाही.

सकाळच्या पाळीचा ऑपरेटर कपडे बदलायच्या खोलीत त्यांचं टोपडं सोडायला आला आणि थांबला.

"काका, हे कोणी लावलं?"

दाजी मान वळवून मागे बघायला लागले.

"नाही, तुमचं कायम सैलवर असतं. आज घट्टवर आहे." त्याने मानेकडे नीट पाहिलं. "आणि बसलंयही अगदी बरोबर. अहो काका, केवढे वाळलात तुम्ही!"

ताईला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. दाजी वाळलेत, हे तोवर एकाही जिवंत माणसाच्या लक्षात आलं नव्हतं.