सुनेल्याची जोड

ये गं, अशी जवळ ये. थांब, आधी ती पिवळी ओढणी काढून खुंटीला लाव. पिवळ्या दगडापुढे पिवळं नेसून बसायचं नाही, हा आपल्या कामातला पहिला धडा. कपड्याचा रंग दगडात उतरतो आणि डोळे फसतात. घे, ही माझी पांढरी ओढणी घे. आता उत्तरेच्या खिडकीकडे तोंड कर, हात चालू दे आणि कान माझ्याकडे दे. आज सकाळी गोविंदाच्या मंदिरात कीर्तन असं रंगलं की कानातले टाळ अजून थांबलेले नाहीत. महाराज विरहाचं पद गात होते आणि मला सारखा एकच माणूस आठवत होता. त्याची गोष्ट सांगते. प्रेमाची आहे, लाजू नकोस. रडू आलं तर मात्र मान बाजूला कर. ओला दगड गडद दिसतो.

माझं नाव धापू. आमच्या बोलीत धापणं म्हणजे पोट भरणं. लागोपाठ मुलीच झाल्या आणि शेवटी मी झाले, तेव्हा घरच्यांनी देवाला कळवलं... धापलो बाबा, पुरे! बहिणी सासरी गेल्या, आई देवाघरी गेली, आणि मी बाऊजींच्या गादीशेजारी बसून जोड लावायला शिकले. कानातल्यासाठी दोन दगड लागतात. रंग, घाट, पाणी, सगळं एकसारखं. ढिगातून असे दोन शोधायचे. माझ्या वडिलांनी, छोगालालजींनी, "जोड आहे" म्हटलं की अख्ख्या जौहरी बाजारात कुणी ते दगड पुन्हा उचलून बघत नसे.

तर त्या दिवशी... संक्रांत तोंडावर आलेली. जयपूरचं आभाळ पतंगांनी भरलेलं. "वो काटा!" अशी कुठूनशी आरोळी उठली आणि एक कापलेला पतंग याच खिडकीतून आत शिरला. त्याच्यामागून मांजा माझ्या ताटावरून सर्रकन गेला आणि सुनेल्याचे खडे उधळले. पिवळ्या पावसासारखे!

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली.

"माझा पतंग आलाय का, बाईसा?"

"पतंग आलाय. माझे सुनेले गेलेत."

"कुठे?"

"तुमच्या पायाखाली. हलू नका!"

तो एक पाय उचलून तसाच उभा राहिला. उंच, सडसडीत. केसांवर दगडाची पांढरी भुकटी.

"असा किती वेळ उभा राहू?"

"दगड सापडेपर्यंत."

"मग सावकाश शोधा," तो म्हणाला. "घाई नाही मला."

मी खाली मान घातली... हसू लपवायला दुसरी जागा नव्हती. मग तोही गुडघ्यांवर बसून वेचू लागला. नाव विचारलं तर म्हणाला, "कजोड." मला आणखीच हसू फुटलं. आमच्याकडे मुलं जगत नसली की जन्मलेल्या पोराला केरात लोळवतात आणि नाव ठेवतात कजोड. कचरा. यमाला वाटावं, हे काय न्यायचं!

"हसा हसा. तुमचं नाव काय?"

"धापू."

आता तो हसला. "म्हणजे एक केरातला आणि एक नकोशी. झकास जोड आहे की!"

"जोड लावायचं काम माझं," मी म्हणाले. "तुम्ही पतंग घ्या आणि चला."

तो गेला. पतंग मात्र इथेच विसरला.

कजोड बेगडी होता. दगडाला पैलू पाडणाऱ्याला आमच्याकडे बेगडी म्हणतात. नाव तेवढं बेगडी, माणूस अस्सल. त्यानंतर तो घासलेले दगड बाऊजींना दाखवायला स्वतः येऊ लागला. बाऊजी गिऱ्हाइकाशी बोलत असले की माझ्या ताटाशी टेकायचा.

"हा कुठला, सांग बरं?" एकदा त्याने एक नारिंगी पिवळा दगड पुढे केला.

"भाजलेला आहे. जांभळा कटेला भट्टीत घातला की असा पिवळा होतो. अस्सल सुनेला जमिनीतूनच पिवळा येतो, हलक्या मधासारखा. भाजलेल्याला लालसर झाक असते."

"आणि मी? अस्सल की भाजलेला?"

मी त्याच्याकडे पाहिलं... नको तितका वेळ पाहिलं. "भाजलेला. कानांच्या पाळ्यांवर लालसर झाक आलीय."

तो उठून गेला तो जिन्याची पायरी चुकलाच!

लोक सुनेल्याला पुखराजाचा गरीब भाऊ म्हणायचे. ज्योतिषी गुरूसाठी पुखराज सांगतो, ज्याला झेपत नाही तो सुनेला घालतो. कजोडला ते आवडायचं नाही. "भाऊ कशाला? हा वेगळाच दगड आहे. मऊ हाताने वागवला तर जन्मभर साथ देतो. कोमट पाणी, मऊ फडकं, बस्स. फक्त कडक ऊन आणि चुलीची धग दाखवू नये. रंग उडतो बिचाऱ्याचा."

"तुझा नाही ना उडणार?"

"तू धग दाखवू नकोस म्हणजे झालं." मग ताटाकडे बघत म्हणाला, "धापू म्हणजे पुरे ना? मला तर... पुरतच नाहीस तू. जिना उतरतो आणि पुन्हा चढावासा वाटतो."

 माझ्या हातातली जोड चुकली. बाऊजींनी ती उचलली, पाहिली आणि मुकाट्याने वेगळी केली.

पण बाजार कुठे मुकाट्याने राहतो! एका संध्याकाळी ओट्यावर कुणीतरी टोचलं, "छोगालालजी, बेगड्याचं पोर तुमच्या जिन्यावर फार चढतंय हो!" बाऊजी तापले. "चढू दे! सुनेल्याची अशी जोड माझ्यासमोर ठेव म्हणावं की मला फरक सापडणार नाही. पोरगी देईन त्याला!" रागात बोललेला शब्द, पण चार माणसांनी ऐकलेला. दिवे लागायच्या आत तो सगळ्या बाजारात फिरला.

कजोडपाशी बापाने मागे ठेवलेला अस्सल सुनेल्याचा एक खडा होता. आई तो देव्हाऱ्यात ठेवायची. त्याने आईच्या पाया पडून तो घेतला आणि मधोमध कापला. एकाच खड्याची दोन लेकरं, फरक येईल कुठून? लाखेने काडीवर चिकटवून दोन्ही दगड त्याने घासले, बदामाच्या घाटाचे केले. पहिल्यांदा मलाच दाखवायला आणले.

मी ते खिडकीशी धरले. एक मधासारखा, दुसरा त्याच मधात थेंबभर पाणी घातल्यासारखा. रंग खड्यात एका अंगाला बसलेला असतो, पोरी. कापला की एकाच्या वाट्याला जास्त येतो.

"दिसतोय?" त्याने विचारलं.

"केसाएवढा."

"बाऊजींना दिसेल?"

"बाऊजींना डोळे मिटूनही दिसेल."

त्या रात्री मी जेवले नाही. सकाळी बाऊजी माझ्या शेजारी बसले, ताटातले दगड उगाच इकडचे तिकडे केले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कजोडला सांग, बसंत पंचमीला जोड घेऊन ये. घरीच आहे मी. पिवळा साफा बांधून बसेन."

 ज्या माणसाने जन्मात कधी पिवळं नेसून पिवळा दगड पाहिला नाही, तो म्हणत होता, पिवळा साफा बांधून बसेन! बसंतला सगळं जयपूर पिवळं होतं. कपडे पिवळे, फुलं पिवळी, भातसुद्धा पिवळा. त्या दिवशी कुठलेही दोन सुनेले एकसारखे दिसतात. बापाने दार उघडून ठेवलं होतं, फक्त "ये" असं तोंडाने म्हणायचं नव्हतं.

मी निरोप शब्दाला शब्द दिला. पिवळ्या साफ्यासकट. त्यावर एक अक्षर घातलं नाही. वाटलं, एवढं काय सांगायचं, त्याला कळेलच.

बसंतच्या सकाळी मी गादीवर पिवळी चादर घातली. बाऊजींनी ती पाहिली आणि तिच्यावरच बसले. केशरी भात निवला. खालून ढोलक वाजत गेली, गुलाल उडाला. जिन्यावर पाऊल वाजलं की मी उठायची... कधी दूधवाला, कधी शेजारीण. ऊन भिंतीवरून उतरलं. बाऊजींनी साफा काढला आणि स्वतःच्या हाताने त्याची घडी घातली.

"उद्या येईल," मी म्हणाले.

"उद्या..." एवढंच बोलून ते देवापुढे जाऊन बसले.

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सकाळी आला! न्हालेला, पांढरे शुभ्र कपडे, कपाळाला चंदन. सोबत बिरादरीचे पंच. हात जोडून म्हणाला, "काल सगळं पिवळं होतं, बाऊजी. काल जुळली असती तर बसंतमुळे जुळली असती. तुमची मुलगी मला अशी चोरून नको. पांढऱ्या उजेडात बघा."

पंचांनी माना डोलावल्या. बाऊजींनी पांढरं फडकं पसरलं. दोन्ही दगड त्यावर ठेवले. उलटे केले, सुलटे केले. पुन्हा ठेवले. इतका वेळ त्यांनी कुठली जोड पाहिलेली मला आठवत नाही. मी मनात म्हणत होते, गोविंदा, एकदा खोटं बोलायला लाव रे माझ्या बापाला...

"फरक आहे," बाऊजी म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

कजोड खाली उतरला तशी मी मागे धावले. जिन्याच्या वळणावर गाठलं.

"वेड्या! काल बोलावलं होतं ना तुला? बसंतला? पिवळा साफा बांधून?"

"हो, पण..." आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटलं. "म्हणजे... बाऊजींनी मुद्दाम..."

"हो रे!"

तो पायरीवरच बसला. तळहातावरचे दगड बघत म्हणाला, "मला वाटलं, ते मला जोखतायत. लबाडी करतो का बघतायत."

"मला विचारायचंस तरी!"

"तू सांगायचंस तरी..."

 दोघंही खरे होतो. मी म्हणाले, चल, अशीच येते तुझ्याबरोबर. त्याने मान हलवली. "ज्या माणसाने माझ्यासाठी साफा बांधला, त्याचा शब्द मी चारचौघांत खाली पाडू? नाही, धापू." मग गडद दगड माझ्या मुठीत ठेवला आणि फिका स्वतःच्या धोतराच्या गाठीत बांधला. "तुझ्याची जोड शोधून आणतो. ओडिशाकडे अस्सल सुनेला निघतो म्हणतात. खाणीवरच जाऊन बसतो."

"आणि नाही सापडला तर?"

"तर म्हातारा होऊन येईन. तोवर बाऊजींची नजर तरी मंदावलेली असेल!"

हसला. मीही हसले. ते शेवटचं.

तो गेला आणि मी एक काम सुरू केलं. गच्चीवर काशाच्या वाटीत माझा सुनेला ठेवायचा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, भर उन्हात. कडक ऊन दाखवू नये म्हणाला होता ना? मी दाखवलं. त्याचा फिका होता, माझा गडद. तो गडद शोधत होता तिकडे. मी म्हटलं, त्याला नाही सापडला तर माझ्याचाच रंग उतरून त्याच्याशी जुळेल. जेठाचं ऊन, आषाढातलं ढगाळ, पुन्हा शरदाचं. स्थळं येत होती, मी नाही म्हणत होते, बाऊजी गप्प होते.

एका दुपारी मी गच्चीवर गेले तर बाऊजी तिथे वाकलेले. कठड्याची सावली वाटीवर आली होती. ज्यांनी दगड उन्हात विसरला म्हणून कारागिरांना घराबाहेर काढलं, ते माझे बाऊजी वाटी उचलून उन्हात सरकवत होते. मी उलट्या पावली खाली आले. त्यांना कळू दिलं नाही.

असे काही उन्हाळे गेले.

मग एकदा ओडिशाकडून कच्चा माल आणणारा व्यापारी आला. बाऊजींनी पाणी विचारलं तर घेईना. खांद्यावरच्या पिशवीतून त्याने धोतराचा फाटका पदर काढला. गाठ मारलेला. "खाणीवर तापाची साथ होती, सा," तो म्हणाला. "बरेच गेले. हा पोरगा शेवटपर्यंत म्हणत होता, ही गाठ छोगालालजींच्या धापूला द्या."

यम फसला नाही बघ नावाला. कचरा म्हणून ठेवलेलं सोनं त्याने बरोबर ओळखलं.

मी रडले नाही तेव्हा. गच्चीवरून वाटी आणली. बाऊजींनी पांढरे कपडे घातले, पांढरं फडकं पसरलं, याच खिडकीत. मी त्याचा दगड ठेवला, शेजारी माझा. बाऊजी वाकले. उलटे केले, सुलटे केले. मग त्यांनी दोन्ही दगडांवर ओंजळ धरली आणि मोठ्याने, जणू चार माणसं ऐकतायत अशा आवाजात म्हणाले,

"जोड आहे."

आणि लहान मुलासारखे रडू लागले.

मी दुसरं लग्न केलं नाही. दुसरं म्हणते, कारण बापाने शब्द दिला होता आणि जोड लागली होती.

ते दगड आपल्या गल्लीतल्या ठाकुरजींच्या, कृष्णाच्या देवळात आहेत. एक ठाकुरजींच्या कानात, एक राधाराणीच्या. मी दर पंधरवड्याला जाते, कोमट पाण्याने पुसते. पुजारी म्हणतो, बाई, समई फार जवळ आहे, रंग उतरेल. मी म्हणते, राहू दे महाराज. आता उतरतील ते दोघं मिळून उतरतील.

झाली का तुझी जोड? दाखव... हं. बरी आहे. डावा जरा फिका आहे, बघ पुन्हा.

आणि एक कर माझ्यासाठी. मी असेन, नसेन. बसंतला जाऊ नकोस. तेव्हा सगळंच पिवळं असतं, कुणीही फसतं. शरद पौर्णिमेला ठाकुरजी पांढरी वस्त्रं नेसतात, तेव्हा दिवसाच्या झांकीला, दर्शनाला जा. दोघांच्या कानांकडे नीट बघ. फरक सापडणार नाही. मग हात जोड आणि त्याचं नाव घे... माझं नको, त्याचं. मोठ्याने घे. कजोड.