तीन गायी, एक म्हैस

लीलाबाईंच्या तिन्ही गायींच्या कासा सुजल्या, दुधात गाठी आल्या. गावात या रोगाला दगडी म्हणतात. लीलाबाईंनी रिहे गावच्या भरल्या चावडीवर धारा काढणाऱ्या दामूचं नाव घेतलं. "धारा हाच काढतोय. हाताला कायतरी लावून यानंच सड नासवले. याला तुरुंगात घालून दाखवते." त्यानंतर गावात एकही गोठा दामूला दारात उभं करेना.

पशुवैद्य गौतमी आली ती संध्याकाळच्या धारेला. "आज धार दामूमामाच काढतील," तिनं बजावलं. "मला बघायचंय."

दामूनं नखं कापलेले हात लाल औषधात धुतले आणि तो धारेला बसला. गौतमीनं प्रत्येक गायीच्या दुधात धुण्याच्या पावडरीचं पाणी मिसळलं. दूध शेंबडासारखं लिबलिबीत झालं, म्हणजे रोग पक्का. मागच्या परड्यातल्या म्हशीचं मात्र पातळच राहिलं.

"म्हशीची धार कोण काढत होतं?"

"त्योच," लीलाबाई म्हणाल्या.

"आणि वैरण?"

"म्हशीला मी टाकते, धार झाली की. गायींचं सूनबाई बघती."

सूनबाई म्हणजे स्नेहल. उन्हाळ्यात गौतमीच्या दुभत्या जनावरांच्या शिबिरात ती अगदी पुढे बसली होती. आता खराटा घेऊन कोपऱ्यात उभी होती. गोठ्याची फरशी ओली होती, गव्हाणीत काडी नव्हती. धार संपताच पहिली गाय खाली बसली. मग दुसरी.

"चौथा खुंटा रिकामा का?"

"हौशीचा हाय," स्नेहल म्हणाली. "माझ्या माहेरची गाय. मी बाळंतपणाला गेले, तवा आत्यांनी इकली."

"भाकड झालती," सासू फणकारली.

गौतमीनं फरशीवर बोट फिरवलं. बोटाला शेण लागलं.

"लीलाबाई, चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत. दोष दामूमामांच्या हातात असता, तर म्हैस सुटली नसती. धारेनंतर सडाचं तोंड बराच वेळ उघडं असतं. म्हणून वैरण नंतर टाकायची, म्हणजे जनावर खात उभं राहतं. इथं गायींना आधीच पोटभर चारलं आणि खाली शेण कालवून ओलं केलं. धार झाली की त्या उघड्या सडांनी घाणीत बसणारच. हे शिबिरात मीच शिकवलं होतं."

"मी सूनबाईंना इचारलं व्हतं," दामू म्हणाला. "वैरण आधी का? तर म्हणल्या, आत्यांनीच सांगितलंय."

स्नेहलनं खराटा खाली टाकला. "व्हय, मीच केलं. माझी हौशी दलालाच्या टेंपोत हंबरत गेली. आत्यांचं जितराब आत्यांच्या डोळ्यांदेखत झुरावं म्हून केलं. मला वाईट वाटत न्हाई. दामूमामांचं तेवढं वाटतंय."

"चावडीवर त्यांचं नाव घेतलं, तेव्हा का नाही वाटलं?" गौतमीला तिची दयाही आली होती आणि चीडही.

सुनेवर उचललेला हात लीलाबाईंनी कसाबसा खाली घेतला. "झालं गेलं, दामू. उद्यापास्नं येत जा."

दामू हात पुसत म्हणाला, "आधी चावडीवर चला. आत्ता. माणसं बसल्यात तवर."

"हिलाच ने की. करणारी ही हाय."

"नाव तुमी घेतलं व्हतं."

लीलाबाईंनी गौतमीकडे पाहिलं. तिनं मान फिरवली. मग त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि दामूच्या मागून चालू लागल्या.