बंद ट्रेलर, दोन गाड्यांचा

दार बाहेरून धाडकन उघडलं, तेव्हा ती ट्रेलरच्या आत काळोखात गुडघ्यांवर बसली होती.

"अरे बापरे!" बाहेरचा माणूस दचकून मागे सरकला. "आत कुणी असेल असं..."

"आत या, नाहीतर बाहेर राहा. पण आधी ते दार लावा!"

तो आत आला आणि त्याने मुकाट्याने दार लावलं. पुन्हा मिट्ट काळोख.

"काय शोधताय?" त्याने उगीचच कुजबुजत विचारलं.

"उजेड."

"अंधारात?"

"मग कुठे दिसणार? जिथून उजेड शिरतो, तिथून पाणी शिरतं. तो बघा, छताच्या कोपऱ्यात..."

सुईच्या टोकाएवढा एक ठिपका चमकत होता. तिने खडूने त्याभोवती गोल काढला. वळून पाहिलं, तर पाहुण्याचं लक्ष छताकडे नव्हतंच. अंधारातही तिला ते कळलं, आणि कान गरम झाले.

वखार तिच्या अप्पांची. जुने-नवे ट्रेलर तिथे विकायला उभे असत, आणि ते तपासायचं काम तिचं. तो मोटरसायकलींचा मेस्त्री होता. त्याला दोन गाड्या मावतील असा बंद ट्रेलर हवा होता. दोन महिन्यांनी लांबच्या शहरात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन होतं. एक गाडी त्याची स्वतःची होती आणि दुसरी त्याच्या वडिलांची. वडील गेल्यावर ती शेडमध्ये गंजत पडली होती. चार वर्षं खपून, एकेक नट बसवत त्याने ती पुन्हा उभी केली होती.

"उघड्यावर नेणार नाही," तो म्हणाला. "बाबा तिला उन्हातसुद्धा लावत नसत."

त्याच दिवशी तिने त्याला रांगेतला एक पांढरा ट्रेलर दाखवला. दाराची उंची पुरेशी होती. पट्टे अडकवायच्या कड्या थेट खालच्या लोखंडी सांगाड्यात बसवलेल्या होत्या. रॅम्प लांब होता, चढ सोपा. त्याने आत उड्या मारून तळ पाहिला, टेपने रुंदी मोजली, वहीत काहीतरी लिहिलं आणि तिच्याकडे पाहून हसला.

"झालं की मग! हाच..."

आता हा 'हो' म्हणेल, ट्रेलर जीपला जोडेल आणि निघून जाईल. परत कशाला येईल?

"थांबा," तिच्या तोंडून निघून गेलं. "तळ मऊ वाटतोय मला. फळ्या आतून कुजल्या असतील."

त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "असं म्हणता? मग... पुढच्या शनिवारी येऊ?"

"या ना. नवा माल येतोय."

मग शनिवार आला की ती सकाळपासून फाटकाकडे डोळे लावून बसे. दुसऱ्या ट्रेलरच्या कड्या नुसत्या प्लायवूडला ठोकलेल्या निघाल्या. तिसऱ्याचा रॅम्प इतका उभा, की गाडीचं पोट घासलं असतं. चौथ्याला हवा खेळायला झरोकाच नव्हता.

"पेट्रोलचा वास कोंडेल," ती म्हणाली.

"तुम्ही फारच चोखंदळ आहात हं, मॅडम. लग्नाला स्थळं आणली तर काय करता?"

"झरोका बघते आधी."

तो खो-खो हसला. तिने नाक मुरडलं, पण तिलाही हसू आवरेना. पाचव्या शनिवारी 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. अप्पा चष्म्यावरून पाहत होते. तो गेल्यावर म्हणाले, "पोरी, हे गिऱ्हाईक आहे की जावई?"

"काहीतरीच काय, अप्पा!"

पांढरा ट्रेलर रांगेत तसाच उभा होता. मेस्त्री एकदाही त्याच्याकडे फिरकला नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तो घाईघाईत आला. "या खेपेला राहू दे. मित्राचा उघडा ट्रेलर आहे, त्यावरच नेतो. एक दिवसाचा तर प्रवास."

त्या क्षणी ती पांढऱ्या ट्रेलरचं खरं सांगू शकली असती. शब्द ओठांपर्यंत आलेसुद्धा होते. पण आता सांगायचं म्हणजे इतके शनिवार खोटं बोलले, हेही सांगणं आलं.

"पट्टे नीट आवळ," ती एवढंच म्हणाली.

चौथ्या दिवशी तो पायी आला. डावा हात गळ्यात बांधलेला, दाढी वाढलेली. वाटेत पाऊस लागला होता. भिजून एक पट्टा सैल पडला, वळणावर वडिलांची गाडी घसरून रस्त्यावर पडली. ती उचलायला तो धावला, तेवढ्यात मागून ट्रक आला आणि गाडीवरून गेला. कुणीतरी त्याला खेचलं म्हणून हातावर निभावलं.

"वेचून आणलंय सगळं," तो म्हणाला. "पोत्यात मावलं."

आता गप्प राहणं तिला जमलं नसतं.

"तो पांढरा..." तिने रांगेकडे बोट केलं. "त्याचा तळ चांगला होता. मी खोटं बोलले. तू पुन्हा यावास म्हणून..."



"मला ठाऊक होतं."

"काय?"

"मी उड्या मारून पाहिलं होतं ना. मेस्त्री आहे मी, एवढं कळत नाही? तू 'मऊ' म्हणालीस आणि मला इतकं बरं वाटलं... म्हटलं, चला, ही पण..." त्याने ओठ दाबले. "मला तू आवडतेस, पहिल्या दिवसापासून. हे आज सांगायला नको होतं."

ती पुढे झाली, पण तो एक पाऊल मागे सरला.

"नको. तू जवळ आलीस की मला ते पोतं दिसतं. तुझी चूक नाही म्हणत मी. आपली दोघांची आहे. पण मला दिसतं गं... काय करू?"

"थांबेन मी. हवं तेवढं."

"नको थांबूस. प्रदर्शन होतं त्या शहरात मला काम मिळतंय. मी जातोय."

पंधरा दिवसांनी, हात बरा झाल्यावर, तो पांढरा ट्रेलर न्यायला आला. उरलेली एक गाडी त्याने आत चढवली. चारही पट्टे तिने स्वतः आवळले आणि हात दुखेपर्यंत पुन्हा ओढून पाहिले. शेजारची जागा रिकामीच राहिली. मग रिवाजाप्रमाणे दिवे तपासायला ती मागे उभी राहिली.

"डावा!" ती ओरडली. डावा लुकलुकला.

"उजवा!" उजवाही लुकलुकला.

"ब्रेक!"

मागचे दोन्ही दिवे लालभडक पेटले आणि पेटलेलेच राहिले. जीप सुरू होती, तरी ब्रेकवरून त्याचा पाय उचलला जात नव्हता. तिने बाहीने डोळे पुसले.

"ठीक आहे सगळं!" ती ओरडली. "जा तू!"

दिवे विझले. जीप फाटकातून बाहेर पडली.