सतरा नंबरचा पंच

"भूत नाही मानत ना? दुर्गेशही नव्हता मानत," नागपुरात हुडकेश्वरच्या गच्चीवर आनंदरावकाका आम्हाला म्हणाले. "माझ्या शेजारच्याच मशीनवर असते तो. विचारा त्याले."

चौदा डिसेंबर दोन हजार तेवीस, गुरुवार. हिंगण्याच्या वेल्डिंग शेडमध्ये दुर्गेशला रोजचंच काम मिळालं. पाइपाचं तोंड बंद करणाऱ्या आठ जाड चकत्या. प्रत्येकीच्या भोकावर आट्यांचं सॉकेट वेल्ड करायचं; त्यात एका डेअरीचं वाफेचं मीटर बसणार होतं. मुळाशी वेल्डचा एक फेरा, वरून दोन, आणि बाजूला वेल्डरने पंचाने स्वतःचा नंबर ठोकायचा, असा तिथला रिवाज.

"वरून एकच फेरा मार," सुपरवायझर विक्रम म्हणाला. "सकाळी गाडी हाय."

"वाफेनं सॉकेट उडलं तर कोणाचा जीव जाईन. माहा नंबर नाही ठोकत मी."

"लय शहाणा झाला गा तू."

विक्रमने स्वतःच मुळाशी आणि वरून एकेक फेरा मारला. मग कुलपातल्या ड्रॉवरमधून सतरा नंबरचा पंच काढला. तो शेडमधल्या जुन्या वेल्डरचा, महादेवरावांचा. तीस वर्षांत त्यांचा एकही जोड गळला नव्हता. दोन वर्षांपूर्वी ते वारले, तेव्हापासून पंच कुलपात होता. विक्रमने आठही चकत्यांवर सतरा ठोकला, ड्रॉवरला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि घरी गेला.

दुर्गेश गेला नाही.

"महादेवकाका, तुमचं नाव मी खराब नाही होऊ देत," तो रिकाम्या शेडला म्हणाला. त्याने आठही सतरा ग्राइंडरने घासून काढले. जोड कापले. पुन्हा सुरुवात केली. तीन फेरे, स्वतःचा नंबर. सात झाल्या.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली. मशीन बंद. आठवं सॉकेट सुटंच होतं.

अंधार.

ठक...

मागून. पंचावर हातोडी पडावी तसा आवाज.

"कोण हाय?"

...

ठिणगी नाही. उजेड नाही. फक्त रॉड जळल्याचा वास. ताजा.

दुर्गेश उठला नाही. पळाला नाही.

"करा," तो म्हणाला. "मी इथंच बसून राहतो."

सकाळी सहाला विक्रम आला, तेव्हाही लाइट नव्हती. त्याने मोबाइलचा उजेड पाडला. आठव्या चकतीवर सॉकेट बसलेलं. तीन फेरे, एकसारखे. बाजूला सतरा.

विक्रमने खिसा चाचपला. किल्ली होती. ड्रॉवरला कुलूप होतं.

"कोणी केलं हे?"

"ज्याचा नंबर चोरला, त्याले विचारा."

विक्रमने जोडावर बोट ठेवलं...

झटकन मागे घेतलं.

बोटाला फोड आला होता.