माळवदावरची सोबत

त्या वर्षी चाकूरला टँकर चौथ्या दिवशी यायचा. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, कचेऱ्यांच्या पाट्या नव्याकोऱ्या होत्या, पण नळाला थेंब नव्हता. एका सकाळी नीलाबाई घागर घेऊन टँकरवर गेल्या आणि सांडलेल्या पाण्याच्या चिखलात घसरल्या. मांडीपासून टाचेपर्यंत प्लॅस्टर बसलं.

“हाड मी बघतो, बाई. मन तुम्ही सांभाळायचं,” डॉक्टर म्हणाले. “सहा आठवडे बाजेवर काढणं सोपं नसतं. वेळा ठरवून घ्या. रोज कुणाशी तरी बोला. आणि मनानं भलतंच काही दाखवलं, तर घाबरू नका. तपासून बघा.”

नीलाबाईंनी तीस वर्षं शाळेतल्या पोरांना वेळापत्रक लावलं होतं. स्वतःला लावायला काय अवघड? सकाळी इष्टलिंगाची पूजा, मग पेपर, मग तीसपर्यंतचे पाढे उलटे. कावेरीबाई दोन वेळा येऊन भाकरी टाकून जायची. मुलगा मन्मथ नांदेडला नोकरीला होता, रविवारी यायचा.

“अव्वा, तू एकटीच बडबडायला लागलीस की उचलून नेणार बघ तुला,” तो हसत म्हणाला होता. पण आईला पोराचं हसणं कळतं. त्याचं ठरलेलं होतं. नीलाबाईंना जायचं नव्हतं. हे घर त्यांनी आपल्या पगारातून बांधलं होतं, नवरा याच घरात गेला होता.

दुपारची वेळ बोलण्याची. त्या आळीतली मातीची माळवदं एकमेकांना लागून होती. शेजारची गंगम्मा सांडगे राखायला वर चढायची आणि नीलाबाईंच्या छतातल्या झरोक्याशी बसून खाली बोलायची. ऊन तिच्या पाठीमागं असे. खालून चेहरा दिसायचा नाही, नुसता डोक्याचा काळा आकार.

तिसऱ्या आठवड्यात बोलणं जरा हळू झालं.

“पाय दुखतो का?”

“दुखंल न्हाई तर काय. तू सांडगे बघ.”

“लई दिवस झाले पडून...”

“मोजून राहिले मी. घाई न्हाई मला.”

आळीत कुठं आवाज नव्हता. तापलेल्या मातीचा वास झरोक्यातून खाली उतरत होता.

“मी खाली येऊ का?”

“ये की. दार नुसतं लोटलेलं हाय.”

“दारातनं न्हाई...”

तेवढ्यात दार वाजलं आणि हातात पिशवी घेऊन गंगम्मा आत आली.

“किती वाळलात वो बाई. आठ दिस उदगीरला काय गेले, तुमचा तर पापड झाला. बहिणीला पोरगी झाली. पेढा घ्या.”

नीलाबाईंनी पेढा घेतला. मग सावकाश वर पाहिलं. डोकं तिथंच होतं.

रात्री त्यांनी पाढे उलटे म्हणून पाहिले. एकही चुकला नाही. मग विचार केला. हा मनाचा खेळ असेल, तर आपल्याला ठाऊक नाही ते त्यालाही ठाऊक नसणार. शनिवारी दुपारी आकार झरोक्याशी आला तेव्हा त्यांनीच आधी विचारलं, “माझ्या माळवदावर मी पाहिलं न्हाई असं काय हाय? सांग.”

मग आवाज आला. “कोपऱ्यात तांब्या हाय... पालथा. त्याच्याखाली इंचू. वाळलेला.”

रविवारी त्यांनी मन्मथला सगळं सरळ सांगितलं. लपवायचं नाही, हेही त्यांनी ठरवलं होतं.

“वर जाऊन बघ. तांब्या असला तर माझं डोकं ठिकाणावर हाय, मी इथंच राहणार.”

“आणि नसला तर?”

“तर तू म्हणशील तिकडं येते.”

मन्मथ शेजारच्या शिडीनं वर चढला. डोक्यावर त्याची पावलं वाजली, झरोक्यातून थोडी धूळ सांडली. पावलं थांबली. बराच वेळ थांबली. तो खाली आला तेव्हा त्याच्या हातात तांब्या होता, आणि तांब्यात वाळलेला विंचू.

नीलाबाई मोकळ्या हसल्या. “बघ. म्हातारी शाबूत हाय तुझी.”

मन्मथ हसला नाही. तो बाजेशी वाकला, प्लॅस्टरच्या टाचेवरून त्यानं बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरलं. पांढरं, स्वच्छ.

“काय बघून राहिलास?”

“वर मातीत पावलं उमटलीत, अव्वा. एक पाऊल अनवाणी. दुसऱ्या पायाच्या जागी नुसती रुंद रेघ... जड काहीतरी ओढत आणल्यासारखी. झरोक्यापर्यंत आलीत.”

“आणि परत?”

“परत गेलेली न्हाईत.”

नीलाबाईंनी वर झरोक्याकडे पाहिलं. “म्हणजे माझं मन ठीक हाय.”

“हाव,” मन्मथ म्हणाला. “म्हणूनच म्हणतो, चल.”

त्यांनी मान डोलावली. तपासून पाहिलेल्या गोष्टीशी भांडायची त्यांना सवय नव्हती. तासाभरात जीप आली. चौघांनी बाज उचलून अंगणात आणली. गंगम्मा त्यांचा हात धरून उभी राहिली. मन्मथनं दार लावलं, कुलूप घातलं आणि वळला.

“मन्मथ,” आतून आवाज आला. शांत, शाळेत शोभेल असा. “ओढून बघ रे एकदा.”

गंगम्मानं नीलाबाईंकडे पाहिलं. नीलाबाईंचे ओठ घट्ट मिटलेले होते.

मन्मथचा हात अव्वानं लहानपणापासून लावलेल्या सवयीनं मागं गेला. त्यानं कुलूप ओढून पाहिलं.