दोन पानं उलटली तरी

सप्ताहाचा तिसरा दिवस. बुवा यायला अवकाश होता, आणि माझी भाची रंगू भजनाची वही मांडीवर घेऊन खड्या आवाजात अभंग म्हणत होती. सात वर्षांची पोर! "बघा, कशी वाचते!" बायका म्हणाल्या.

एवढ्यात पखवाजाला कणीक लावणारा तो तरुण वाकला आणि त्यानं हळूच वहीची दोन पानं उलटली.

रंगू थांबली नाही. एक शब्द चुकली नाही.

"पोरीची चेष्टा करता?" मी उसळले.

"रामकृष्णहरी! चेष्टा न्हाय," तो म्हणाला. "मी निकेत. मी पन असाच वाचायचो… पाठ करून. बारा वर्षांचा होईस्तोवर कोनाला कळलं न्हाय."

शाळेतल्या बाई म्हणाल्याच होत्या, तपासून घ्या. वहिनी म्हणे, "दुसरीत तर हाय. शिक्का बसला तर?" आणि दादानं सगळं माझ्यावर टाकलेलं… "तू शिकलेली, तू ठरव."

त्या कीर्तनात माझं लक्ष बुवांकडे नव्हतं. पांडुरंगा, क्षमा कर! ते पखवाजावरच्या बोटांकडे होतं. बोटं चुकत नव्हती. नजर मात्र चुकून सारखी इकडे…

शेवटच्या दिवशी काल्याचा प्रसाद घेताना मी त्याला गाठलं.

"बारा वर्षं… काय वाटायचं हो?"

"वाचायची पाळी आली का पोटात दुखायचं. खरंच दुखायचं. लोक म्हनायचे, ढोंगी हाय."

रंगूचंही रोज सकाळी, दप्तर भरताना, पोट दुखतं! आणि मी तिला ओवा देत होते…

"शुक्रवारी रेवसहून पहिली लाँच," मी म्हणाले. "मुंबईत तपासून घेते."

"एकट्याच?"

"तपासणीला पखवाज लागतो का?"

"न्हाय… पन घाबरलात तं ठेका धरायला कुनी हवं."

तो आला. दोन तास बाकावर माझ्याशेजारी बसून गुडघ्यावर बोटं वाजवत राहिला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अक्षरं तिला गोंधळात टाकतात. बुद्धी छान आहे. लवकर आणलंत, आता शिकवायची पद्धत बदलू."

रंगूनं फक्त एवढंच विचारलं, "म्हनजे मी ढ न्हाय?"

"न्हाय गं बाय!" निकेत म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

परतीच्या लाँचवर खारा वारा. रंगू आमच्या मधोमध.

"एक सांगू?" तो पाण्याकडे बघत म्हणाला. "मला चिठ्ठ्या-बिठ्ठ्या नका लिहू. वाचायला अजून वेळ लागतो. मनात काय असेल… तं तोंडी सांगा."

मी सांगितलं. हळूच.

"काय? इंजिनाचा आवाज…"

"आत्या, मोठ्यानं सांग ना!" रंगू ओरडली.

मग सांगितलं… बुवांसारखं, खड्या आवाजात. अख्ख्या लाँचनं ऐकलं!