मागचे धागे सैल ठेव

कल्याणी कॉव्हेंट्रीच्या त्या कम्युनिटी हॉलमध्ये शिरली तेव्हा आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम निम्मा उरकला होता, बाहेर एप्रिलच्या गारा ताडताड पडत होत्या आणि पद्माकरकाकांनी नुकताच माइक हातात घेतला होता. पद्माकरकाकांनी माइक घेतला म्हणजे चहा लांबला, हे तिथल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. कल्याणीला कुठून ठाऊक असणार? ती बर्मिंगहॅमहून पहिल्यांदाच आली होती. ओला कोट सावरत, 'सॉरी, सॉरी' करत ती शेवटच्या रांगेतल्या एकुलत्या रिकाम्या खुर्चीवर टेकली, आणि टेकल्याटेकल्या तिचा पाय हलायला लागला.

हा पाय हलण्याचा प्रकार जुनाच. पोरीच्या पायाला भिंगरी आहे, असं नागपूरला आई म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. नागपूरहून पुणे, पुण्याहून बंगळूर, तिथून बर्मिंगहॅम. नोकरी बदल, फ्लॅट बदल, पडदे बदल. कुठे म्हणून जीव रमला नाही बाईचा.

काका बोलत होते. कल्याणीने छताकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग शेजारी पाहिलं - आणि पाहतच राहिली.

शेजारचा तरुण चक्क विणत होता! पांढरा स्वच्छ शर्ट, मांडीवर राखाडी लोकरीचा गुंडा, आणि हातात गोल सुई - दोन्ही टोकांना सुया आणि मध्ये लवचीक वायर असते ना, तीच. तिच्यावर स्वेटर गोल-गोल फिरत वाढत जातो, कुठे शिवण म्हणून नसते. बोटं अशी झरझर चालली होती की सुईकडे बघायचीही त्याला गरज पडत नव्हती. आणि तिथेच तर घोटाळा होता. कल्याणीला दिसला. तिने ओठ घट्ट मिटले. नको, कल्याणी, ओळख ना पाळख, नको...

"पीळ पडलाय," ती पुटपुटलीच.

"सॉरी?"

"टाके गोल जोडताना पीळ पडलाय. बघ ना - असंच विणत गेलास तर स्वेटर नाही, जिलबी होईल."

त्याने सुई वर धरली, वायर फिरवून पाहिली, आणि त्याचे डोळे मोठे झाले. "अगं हो की! ओ नो. मग आता... पूर्ण उसवावं लागेल?"

"पूर्ण. पहिल्या टाक्यापासून. दुसरा इलाजच नाही त्याला."

तिला वाटलं, हा आता वैतागणार. ती स्वतः असती तर सुईसकट सगळं पिशवीत कोंबून वर्षभर तोंड पाहिलं नसतं त्याचं. पण या माणसाने शांतपणे सुई बाहेर काढली आणि धागा ओढला. सर्रकन सगळं उसवलं.

"राग नाही आला?" तिने विचारलं.

"राग कशाचा? लोकर कुठे जाते? इथेच आहे की." तो हसला. हसताना त्याची एक भुवई जरा जास्तच वर जायची. "माझा मराठी थोडा वीक आहे हं. मी इथेच बॉर्न आहे. धम्मदीप."

"कल्याणी. माझं मराठी स्ट्राँग आहे. पेशन्स वीक आहे."

एवढ्यात पुढच्या रांगेतून एका बाईंनी मान वळवून असं काही पाहिलं की दोघं शाळेतल्या पोरांसारखी गप्प बसली. "माझी आई," धम्मदीप ओठ न हलवता म्हणाला. "राजश्री. स्वेटर तिच्यासाठीच आहे. म्हणून ती मला हॉलमधून बाहेर काढत नाही."

चहा अखेर मिळाला. चहाबरोबर बाकीची माहितीही मिळाली. धम्मदीप कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होता. ॲबर्डीनला शिकत असताना त्याच्या घरमालकिणीने त्याला विणायला शिकवलं, आणि नुसतं विणायला नाही, तर योक विणायला. योक म्हणजे स्वेटरची ती गळ्याभोवतीची गोल नक्षी, खांद्यांवर हार घातल्यासारखी दिसते ती.

"मला साधं गोल जमतं," कल्याणी म्हणाली. "दोन रंग आले की वाट लागते."

"मग शिकवतो. पण फी आहे."

"काय?"

"माझे टाके जोडून द्यायचे. पीळ चेक करून." भुवई पुन्हा वर गेली. "शनिवारी?"

आणि शनिवार सुरू झाले. कल्याणी सकाळची ट्रेन पकडून कॉव्हेंट्रीला यायची, स्टेशनजवळच्या एका कॅफेत दोघं खिडकीशी बसायचे, कॉफी गार व्हायची आणि लोकर टेबलभर पसरायची. पहिल्याच शनिवारी धम्मदीपने तिचं विणकाम उलटं करून पाहिलं, आतल्या बाजूने.

"इथे आहे प्रॉब्लेम. नक्षीत दोन रंग असतात, राइट? एक रंग तू विणतेस तेव्हा दुसरा मागून येत असतो. तो मागचा धागा तू खेचतेस. मग कापड आवळतं. दिसायला सुंदर, पण घालता येणार नाही. मागचे धागे सैल ठेव."

"ठेवते की!"

"खांदे बघ तुझे. कानाला लागलेत." त्याने बोट पुढे केलं... मध्येच थांबवलं. "मे आय?" तिने मान हलवली. त्याने दोन बोटं तिच्या खांद्यावर ठेवली, अगदी हलकी, डॉक्टरी. "खाली सोड. सोड... हां."

खांदे खाली आले खरे. छातीत जी धडधड सुरू झाली, तिचं काय करायचं हे मात्र फिजिओथेरपीत नसावं.

त्या दिवशी कल्याणीने एक चूक केली. तो म्हणाला, "तू नेहमी घाईत का असतेस?" - तर हिने ऐटीत उत्तर दिलं, "माझं असंच आहे. कुठेच फार टिकत नाही मी. आणि मला कुणी थांब म्हटलं ना, की माझे पाय आधी निघतात!"

"ओके," धम्मदीप म्हणाला. आणि त्याने टाका पूर्ण केला.

मे गेला, जून गेला. कल्याणी प्रेमात पडली. उगाच आडवळणं कशाला घ्यायची? पडली, चांगली तोंडावर पडली. सोमवारपासूनच तिला शनिवारची हुरहूर लागायची. ऑफिसात मीटिंग चालू असताना ती स्प्रेडशीटच्या चौकटी निळ्या-पांढऱ्या रंगवत बसायची - एक चौकट म्हणजे एक टाका - आणि त्यातून एक-एक पिंपळाचं पान तयार व्हायचं. बोधिवृक्षाची पानं, गळ्याभोवती गोल. गडद निळा स्वेटर, पांढरी पानं. धम्मदीपसाठी. त्याला न सांगता.

"तुझी हुडी दे ना, थंडी वाजतेय," असं भर जुलैत सांगून तिने माप मिळवलं. त्याने हुडी दिली, आणि परत कधी मागितली नाही. अंगाचा भाग विणून झाला, दोन्ही बाह्या झाल्या. तिन्ही एकाच लांब सुईवर घेतले की मग योक सुरू होतो. तिथवर कल्याणी आली, आणि नेमकं तेव्हाच ऑफिसातून बोलावणं आलं.

बर्मिंगहॅमचं प्रोजेक्ट संपत होतं. आम्सटरडॅमला मोठी जागा तयार होती, पगार मोठा, पद मोठं. दुसरीकडे बर्मिंगहॅमच्याच एका हॉस्पिटलने तिला नोकरी देऊ केली होती. काम तिच्या मनासारखं, पगार बेताचा. ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

शनिवारी तिने धम्मदीपला दोन्ही सांगितलं. आणि वाट पाहिली. आता म्हणेल... आता म्हणेल...

त्याने सुईवरचे टाके मोजले. मग म्हणाला, "आम्सटरडॅम मस्त आहे. कॅनल्स आहेत तिथे."

"कॅनल्स बर्मिंगहॅमलापण आहेत!" कल्याणी इतक्या जोरात म्हणाली की काउंटरवरच्या मुलीने वळून पाहिलं.

"हो... आहेत," तो म्हणाला. बस्स. एवढंच. त्या दिवशी तिने गार कॉफी एका घोटात संपवली आणि आधीची ट्रेन पकडून निघून आली.

मग तिने योक विणला. कसा विणला ते विचारू नका. ट्रेनमध्ये विणला, बसमध्ये विणला, दात-ओठ खात विणला. कॅनल्स आहेत म्हणे! एक पान. मस्त आहे म्हणे! दुसरं पान. तोंडात काय मूग धरलेत का याने? एक शब्द टाकला असता तर काही बिघडणार होतं? खांदे कानाला लागले होते, पण ते खाली सोडायला सांगणारं शेजारी कुणी नव्हतं. पानं मात्र अशी देखणी उतरली की तिलाच रडू आलं.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम रविवारी होता, त्याच हॉलमध्ये. सगळे पांढऱ्या कपड्यांत आले होते. सकाळपासून रिमझिम चालली होती आणि सोमवार आता उद्यावर आला होता. पद्माकरकाका माइककडे सरकताना दिसले तशी कल्याणीने धम्मदीपची बाही ओढली आणि त्याला हॉलमागच्या किचनमध्ये नेलं. तिथे चहाचं भांडं उकळत होतं, खुर्च्यांची चळत लावली होती.

"हे घे," ती म्हणाली. "आम्सटरडॅमला जाण्याआधी द्यायचं होतं."

त्याने घडी उलगडली. पानांवरून हात फिरवला.

"तू केलंस? माझ्यासाठी?"

"नाही, पद्माकरकाकांसाठी! घाल आता."

त्याने हात वर केले, बाह्यांत घातले, डोकं आत घातलं... आणि थांबला. जरा वळवळला. पुन्हा थांबला.

"कल्याणी?"

"काय?"

"अडकलो."

खरंच अडकला होता. योक खांद्यांवरून खाली येईना, डोकं गळ्यातून बाहेर येईना, आणि दोन्ही हात वर. निळ्या लोकरीचं एक बुजगावणंच किचनच्या मधोमध उभं होतं. कल्याणीने खाली ओढून पाहिलं. हलेना. तिचा चेहरा उतरला. सगळे मागचे धागे तिने आवळले होते, एकूण एक!

"मागचे धागे," आतून आवाज आला.

"माहितेय मला!" तिचा आवाज रडवेला झाला. "जमतच नाही मला काही. थांब, काढते."

"नको. एक मिनिट." बुजगावणं तिच्या दिशेने वळलं, जरा चुकीच्याच दिशेने. "तू मला दिसत नाहीस. राइट?"

"नाही दिसणार. का?"

"मग ऐक. बाहेर आलो की बोलता नाही येणार मला." आत एक मोठा श्वास घेतला गेला, पानं फुगली आणि खाली बसली. "पहिल्या दिवशी पीळ पडला ना... माझा कधी पीळ पडत नाही. कधीच नाही. मी टाके जोडत होतो आणि तू दारातून आलीस. केसांत गारा होत्या तुझ्या. मी बघत बसलो आणि तसेच जोडले."

कल्याणीचा हात नकळत केसांकडे गेला.

"आणि आम्सटरडॅमचा मला खूप राग येतो. कॅनल्सचापण. पण तू म्हणाली होतीस ना, कुणी थांब म्हटलं की तुझे पाय निघतात. म्हणून मी नाही म्हटलं. कितीदा ओठांवर आलं, पण नाही म्हटलं. मला भीती वाटायची, मी म्हणेन आणि तू जाशील." आवाज आणखी बारीक झाला. "आता तशीही जातेस. तर मग म्हणूनच टाकतो. थांब, कल्याणी. प्लीज. आय लव्ह यू. थांब."

कल्याणी आपल्या पायांची वाट पाहत होती. आता निघतील. नेहमी निघतात. बंगळूरहून निघाले होते, पुण्यातून निघाले होते...

पाय निघाले, पण पुढे. दोन पावलं टाकून ती त्या बुजगावण्याला बिलगली, लोकरीत तोंड खुपसून.

"मूर्ख आहेस तू," ती म्हणाली. "आणि मी तुझ्याहून मूर्ख. मला तू आवडतोस, जूनपासून. मेपासून! रोज वाट पाहिली मी, तू कधी म्हणतोस याची."

"कल्याणी... आता बाहेर काढ ना. मला बघायचंय तुला."

"आधी पुन्हा म्हण."

"थांब."

"ऐकू नाही आलं."

"थांब!" तो आतून ओरडला, आणि नेमक्या त्याच क्षणी दार उघडून पद्माकरकाका चहा कुठवर आला ते बघायला डोकावले. त्यांनी निळं बुजगावणं पाहिलं, त्याला मिठी मारलेली मुलगी पाहिली. "चालू द्या," म्हणाले, आणि दार अलगद लावून गेले. जन्मात पहिल्यांदाच ते इतकं थोडक्यात बोलले असतील.

मग कल्याणीने खालून धरून स्वेटर वर खेचला आणि धम्मदीप बाहेर आला. केस विस्कटलेले, कान लालबुंद, भुवई वर. मग दोघांना जे सुचलं ते चहाच्या भांड्याने पाहिलं.

थोड्या वेळाने दोघं शेवटच्या रांगेत येऊन बसले. कल्याणीने मांडीवर योक घेतला, बंद केलेला टाका सोडवला आणि निळा-पांढरा धागा ओढला. सर्रकन एक पान गेलं. धम्मदीप शेजारी दोन्ही रंग वेगवेगळ्या गुंड्यांत गुंडाळत होता.

"इतकी छान पानं होती," तो हळहळला.

"लोकर कुठे जाते?" ती म्हणाली. "इथेच आहे की."

पुढच्या रांगेतून राजश्रीकाकूंनी मान वळवली. लेकाचे विस्कटलेले केस पाहिले, उसवणारी मुलगी पाहिली, दोघांच्यामधला तो धागा पाहिला. या वेळी डोळे वटारले नाहीत. पदर सारखा केला आणि पुन्हा समोर बघू लागल्या.

"उद्या सोमवार आहे," धम्मदीप हळूच म्हणाला.

"हो. सकाळी हॉस्पिटलला हो कळवते. आणि शनिवारी टाके परत उचलू."

तो हसला. मग त्याची नजर खाली गेली आणि हसू जरा अडखळलं. "कल्याणी... तुझा पाय हलतोय."

"हलू दे रे," ती धागा ओढत म्हणाली. "निघत नाहीये ना?"